बँकेत केवायसीची (ग्राहकाची ओळख आणि पत्ता पटवण्याची) कागदं देताना काय द्यायचं, किती द्यायचं, आणि तुमच्या नावावर दुसऱ्यानेच कर्ज काढलं तर काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. ओळख चोरी म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी हॅकर कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड फोडतोय. आपल्याकडे ९०च्या दशकापासून काऊंटरवर काम केलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की बहुतेक वेळा सुरुवात साध्या झेरॉक्सपासून होते. कुठेतरी दिलेली पॅनची कॉपी, आधारची कॉपी, एक फोटो, आणि एखादं सिम, एवढ्यावर तुमच्या नावाने छोटं अ‍ॅप लोन निघू शकतं किंवा एखादं खातं उघडून त्यातून दुसऱ्यांचे फसवणुकीचे पैसे फिरवले जाऊ शकतात. आणि तुम्हाला कळतं कधी, तर घराच्या कर्जाला अर्ज केल्यावर मॅनेजर म्हणतो, साहेब तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब दिसतोय.

याच्यासाठी नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूचे आहेत, फक्त काऊंटरवर कोणी समजावून सांगत नाही कारण मागे लाईन असते. मूळ कायदा म्हणजे २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, त्याखालचे २००५ चे नियम, आणि रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश, जे २०१६ मध्ये एकत्र आणले आणि त्यानंतर कितीतरी वेळा बदलले. माझं म्हणणं एवढंच आहे की बँकेला नियमाने जेवढं लागतं तेवढंच द्या, दिलेल्या प्रत्येक कागदावर तो कशासाठी दिलाय ते लिहा, आणि आपल्या नावावर काय काय उघडलंय ते स्वतः तपासत रहा. आता एकेक बघू.

पहिलं: बँक नेमकं काय मागू शकते

ओळख आणि पत्त्यासाठी चालणारे कागद ठरलेले आहेत. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. यातलं एक पुरतं. एकच. तीन-तीन कागदांच्या कॉपी "असू द्या फाईलला" म्हणून घेतात ती सवय आहे, नियम नाही. त्याशिवाय पॅन लागतो, आणि पॅन नसेल तर फॉर्म ६०. पॅन हा पत्त्याचा पुरावा तर नाहीच, पण या यादीतसुद्धा नाही, तो वेगळा मागितला जातो. रेशन कार्ड पण या यादीत नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते पत्त्यावर. भाड्याने राहतोय, कागदावर गावचा पत्ता. अशा वेळी विजेचं, टेलिफोनचं, पोस्टपेड मोबाईलचं, पाइप गॅसचं किंवा पाण्याचं बिल चालतं पण ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, किंवा घरपट्टीची पावती चालते. मात्र हे तात्पुरतं असतं, तीन महिन्यांत वरच्या यादीतला नवीन पत्त्याचा कागद द्यावा लागतो, आणि लोक हे विसरतात मग खातं अडकलं की बँकेवर चिडतात.

दुसरं अडतं नावावर. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, पासबुकावर मधलं नाव फक्त एका अक्षरात, आणि लग्नानंतर तर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलेलं. लग्नानंतरच्या नावासाठी सरकारी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जुन्या नावाच्या ओळखपत्राबरोबर दिली की झालं, सगळी कागदं आधी बदलून आणा असं सांगायचं कारण नाही. पण हळूहळू सगळीकडे नाव एकसारखं करून घ्याच, कारण एकाच माणसाची तीन स्पेलिंगं असली की क्रेडिट ब्युरोमध्ये (कोणी किती कर्ज घेतलं, कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीत) तुमची माहिती दुसऱ्याच्या माहितीत मिसळू शकते, तेव्हा चोर नसतानाही चोरी झाल्यासारखं दिसतं.

दुसरं: कॉपी कशी द्यायची, इथेच सगळा खेळ आहे

ओरिजिनल सोबत न्या, अधिकाऱ्याला दाखवा, आणि तो कॉपीवर "मूळ प्रत पाहिली" असा शिक्का मारून सही करतो तो मारू द्या. ओरिजिनल ठेवून जा, उद्या घेऊन जा, असं कोणी म्हटलं तर ठेवायचं नाही. बँकेने बघायचं आणि लगेच परत द्यायचं एवढंच आहे.

कॉपीवर आपली सही करताना नुसती सही मारू नका. सहीच्या वरती लिहा: "फक्त अमुक बँक, तमुक शाखा, बचत खातं उघडण्यासाठी", खाली तारीख. हे लिखाण कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत केलं तर कापून परत झेरॉक्स काढता येते, म्हणून ते कार्डाच्या चित्रावरून थोडं आडवं जाईल असं लिहा, फक्त फोटो आणि नंबर वाचता आला पाहिजे नाहीतर काऊंटरवाला परत पाठवेल. कोणी म्हणेल याने काय होणार, चोर थोडाच वाचतोय. चोर नाही वाचत, पण उद्या भांडण झालं आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या फाईलमध्ये "फक्त सिमसाठी" लिहिलेली तुमची कॉपी निघाली तर तुमची केस तिथेच अर्धी जिंकल्यासारखी आहे.

आधारचं जरा वेगळं आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बँक खात्याला आधार जोडणं सक्तीचं राहिलं नाही, २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने वापरता येतं असं झालं. सरकारी सबसिडी किंवा अनुदान थेट खात्यात पाहिजे असेल तर मात्र आधार लागतं. लाडकी बहीणचे पैसे येतात ते खातं बघा, तिथे आधार जोडलेलंच असतं. तुम्हाला असं काही नको असेल आणि आधार नुसतं पुरावा म्हणून देत असाल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाऊनलोड करून द्या, आणि पूर्ण नंबरची कॉपी दिलीच तर बँकेने तो नंबर काळा करायला पाहिजे असं नियमातच आहे. २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्या बंगळुरू ऑफिसने "झेरॉक्स कुणाला देऊ नका, मास्क्ड वापरा" अशी सूचना काढली आणि दोनच दिवसांत मागे घेतली, त्यामुळे लोकांचा गोंधळ झाला तो आजपर्यंत आहे. सूचना मागे घेतली म्हणजे मास्क्ड आधार बंद झालं असं नाही, ती सोय चालूच आहे.

आणि ते झेरॉक्सचं दुकान. आपण काय करतो, दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळं धडाधड पाठवतो, तो कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट मारतो, दहा रुपये घेतो. त्याच्या डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये अख्ख्या गल्लीची ओळखपत्रं पडलेली असतात, आणि संध्याकाळी त्याच मशीनवर कोणतरी पोरगं गेम खेळतंय. दुकानदार चांगलाच असेल हो, पण मशीन सगळ्यांचं आहे. पेन ड्राईव्हवरून प्रिंट काढा, किंवा पाठवलंच तर समोर उभं राहून त्याच्याकडून फाईल डिलीट करून घ्या, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा, आणि मगच चॅटमधून पण "सगळ्यांसाठी डिलीट" करा. खराब आलेली प्रिंट तिथेच टाकून येऊ नका.

तिसरं: फुलीच्या जागी सह्या

कर्जाच्या फाईलला पेन्सिलने फुल्या मारून देतात आणि म्हणतात, फुली आहे तिथे सह्या करत चला. वीस-पंचवीस सह्या, अर्धे रकाने कोरे, आणि मागे बायको म्हणतेय लवकर करा. कोरा रकाना असलेल्या कागदावर सही करायची नाही, जिथे काही लागू नाही तिथे आडवी रेघ मारायची. मोबाईल नंबर आणि ईमेलचा रकाना तर स्वतःच्या हाताने भरायचा. एजंट लोक कधीकधी स्वतःचा नंबर टाकतात, "ओटीपी यायला प्रॉब्लेम नको" म्हणून, आणि मग त्या खात्याची चावी त्याच्याकडे. जामीनदार म्हणून सही करत असाल तर तुमच्या कॉपीवर "फक्त अमक्याच्या कर्जाला जामीन, रक्कम एवढी" हे आलंच पाहिजे, आपल्याकडे सहकारी बँकेत एकमेकांना जामीन राहणं हे अगदी चहा पाजण्याइतकं सहज होतं आणि त्याच कॉपी नंतर फाईलींमधून फिरत राहतात. सह्या केलेल्या सेटची कॉपी मागून घ्या.

चौथं: व्हिडिओवरचं केवायसी खरं कसं ओळखायचं

२०२० च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेने व्हिडिओ कॉलवर केवायसीला परवानगी दिली आणि ते शाखेत समोरासमोर केल्यासारखंच धरलं जातं. पण त्याला अटी आहेत. कॉल बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅप किंवा वेबसाईटवरून होतो, समोर बँकेचाच प्रशिक्षित अधिकारी असतो, तुम्ही भारतात आहात याचं लोकेशन घेतलं जातं, पॅन कॅमेऱ्यासमोर धरायला लावतात, मधेच काहीतरी आडवेतिडवे प्रश्न विचारतात म्हणजे रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नाही हे कळावं, आणि सगळं रेकॉर्ड होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून "सर स्क्रीन शेअर करा" म्हणणारा बँकेचा नसतो, विषय संपला.

नुसत्या आधार ओटीपीवर घरबसल्या उघडलेलं खातं पण असतं, त्याला मर्यादा घातलेल्या आहेत. शिल्लक एक लाखापर्यंत, वर्षभरात जमा दोन लाखांपर्यंत, आणि एका वर्षात पूर्ण केवायसी नाही केलं तर ते बंद करतात. ही मर्यादा चोरांसाठीच आहे, कारण ओटीपी चोरणं सोपं आहे.

पाचवं: री-केवायसीचा (ठराविक काळाने परत केवायसी करायचा) मेसेज आला

हा सगळ्यात जास्त चालणारा सापळा आहे, कारण खरं री-केवायसी पण असतंच. नियम असा की जास्त जोखमीच्या ग्राहकाचं दर दोन वर्षांनी, मध्यम असेल तर आठ वर्षांनी आणि साध्या पगारदार-पेन्शनरसारख्या कमी जोखमीच्या माणसाचं दहा वर्षांनी. म्हणजे मागच्या वर्षी केवायसी केलंय आणि परत "आज रात्री खातं बंद" असा मेसेज आला तर तो कोणाचा असेल ते तुम्हीच ठरवा. खरी बँक आधीपासून कळवते, २०२५ च्या जूनमधल्या बदलाप्रमाणे मुदतीच्या आधी किमान तीन सूचना, त्यातली एक तरी पत्राने, आणि मुदत उलटल्यावर परत तीन आठवणी.

आणि काही बदललंच नसेल तर कागद द्यायचीच गरज नाही. "माझ्या माहितीत बदल नाही" एवढं स्वतःचं लेखी सांगणं पुरतं, ते रजिस्टर्ड मोबाईल, ईमेल, एटीएम, नेट बँकिंग किंवा साध्या पत्राने देता येतं. फक्त पत्ता बदललाय तरी स्वतः लिहून देता येतं, बँक मग दोन महिन्यांत पडताळणी करते.

मेसेजमधली लिंक उघडू नका हे सगळेच सांगतात, मी अजून दोन खुणा सांगतो. बँकांच्या वेबसाईटचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन वर न्यायला लावलेत, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती, तेव्हा पत्त्याचा शेवट बघा. आणि बँकेच्या सर्व्हिसच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका दिलीय, जाहिरातीच्या कॉलसाठी १४०. दहा आकडी साध्या मोबाईलवरून बँक मॅनेजर बोलतोय म्हणाला तर फोन ठेवा आणि पासबुकावरच्या शाखेच्या नंबरवर स्वतः लावा.

इथेच अजून एक. केंद्रीय केवायसी नोंदणीत तुमची माहिती गेली की १४ आकडी नंबर मिळतो. तो जपून ठेवा. पुढच्या बँकेत तो नंबर दिला की तुमच्या संमतीने माहिती तिथून ओढता येते, काही बदल नसेल तर परत कागदाचा गठ्ठा द्यावा लागत नाही. कमी कॉपी फिरल्या तेवढं बरं.

सहावं: कुलपं लावा

आधारच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाईटवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. हे का, तर आधारवरून पैसे काढायच्या सेवेत फक्त आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा लागतो, ओटीपी येत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून सिलिकॉनचे खोटे ठसे बनवून पैसे काढल्याच्या केसेस देशात झालेल्या आहेत. लॉक असेल तर खोटाही चालत नाही आणि खराही चालत नाही, म्हणून आजी गावातल्या बँक मित्राकडे अंगठा देऊन पेन्शन काढत असेल तर तिचं न सांगता लॉक करून येऊ नका, ती बिचारी उन्हात उभी राहील. आधारच्या त्याच वेबसाईटवर "ऑथेंटिकेशन हिस्ट्री" पण दिसते, मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं ते. अनोळखी नोंद दिसली तर आधारच्या हेल्पलाईनला, १९४७ ला फोन.

सातवं: वर्षातून एकदा स्वतःचीच झडती

लोक इथपर्यंत येतच नाहीत, आणि खरी चोरी इथेच सापडते.

देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि चौघांनीही दर कॅलेंडर वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एक काढा, वर्षभर लक्ष राहतं. स्कोअर बघून बंद करू नका. खाली "चौकशी" चा भाग असतो, कोणकोणत्या कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला ते, तिथे कधी नाव न ऐकलेली फायनान्स कंपनी दिसली म्हणजे कोणीतरी तुमच्या पॅनवर अर्ज टाकलाय. कर्ज मिळालं नसेल कदाचित, पण प्रयत्न झालाय. पत्ते आणि मोबाईल नंबरांची यादी पण वाचा, तुमचा नसलेला नंबर म्हणजे धोक्याची घंटा. ईमेल आणि मोबाईल ब्युरोकडे बरोबर नोंदवलेला असेल तर कोणी रिपोर्ट बघितला की तुम्हाला मेसेज येतो.

मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांची माहितीची यादी, उघडा. तिथे तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं ते येतं. ज्या बँकेत तुमचं खातंच नाही तिचं तेवीस रुपये व्याज दिसलं ना, तर रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका, ते तुमच्या नावाचं खातं आहे. सीएकडे रिटर्न टाकून देणारे हे बघतच नाहीत.

तिसरं, संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी नंबरसमोर "माझा नंबर नाही" दाबता येतं. पाच मिनिटांचं काम.

चोरी झालीच तर: क्रम चुकवू नका

खात्यातून पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन, कारण पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, मिनिटांचा खेळ असतो. लगेच बँकेला कळवा आणि तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या जुलैमधल्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवलं असो नसो. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या कुठल्या तरी यंत्रणेची असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तरी शून्य, चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, शून्य शिल्लकीच्या बेसिक खात्याला ५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती परत जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं काम बँकेचं. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजून दोन दिवस गप्प बसण्यासारखं महाग काही नाही.

पैसे गेले नाहीत पण तुमच्या नावावर कर्ज दिसतंय, तर गोष्ट कागदाची आहे. त्या कंपनीला लेखी पाठवा की हे कर्ज माझं नाही, आणि चार गोष्टी मागा: अर्जाची प्रत, केवायसीला वापरलेली कागदं, ओटीपी कुठल्या मोबाईल नंबरवर गेला, आणि पैसे कुठल्या खात्यात जमा केले. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. पैसे तुमच्या खात्यात आलेच नाहीत तर त्यांना बोलायला फार काही उरत नाही. वसुलीवाल्याचा फोन आला तर घाबरून "एक हप्ता भरतो" म्हणू नका, एक रुपया भरलात की कर्ज मान्य केल्यासारखं होतं.

त्याच दिवशी ब्युरोकडे ऑनलाईन डिस्प्युट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे, पत्रात त्याचा उल्लेख करा, फरक पडतो. पोलिसांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी सांगा, ते ओळख चोरीचंच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आणि १९३० वर तक्रार नोंदवली म्हणजे एफआयआर झाली असं नसतं, तिची प्रत वेगळी मागून घ्यावी लागते, बँक आणि ब्युरो दोघं तीच मागतात.

बँकेने ३० दिवसांत उत्तर नाही दिलं किंवा थातुरमातुर दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही, वकील नको, चौकशीसाठी १४४४८. पण पतसंस्थेत पैसे असतील तर लोकपाल चालत नाही, कारण पतसंस्था ही बँक नाही, तिचा साहेब रिझर्व्ह बँक नसून सहकार खातं आहे, तिथे उपनिबंधकाकडे जावं लागतं.

परदेशात असलेल्यांसाठी एवढंच की व्हिडिओ केवायसी तिथून होत नाही, लोकेशन भारताचं लागतं, म्हणून कॉपी भारतीय दूतावास, तिथला नोटरी किंवा भारतीय बँकेची तिथली शाखा यांच्याकडून प्रमाणित करून पाठवा, गावच्या भावाला कोऱ्या सह्या देऊन ठेवू नका. आणि "खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" असं कॉलेजच्या पोराला कोणी म्हणत असेल तर ते खातं चोरांचं म्यूल अकाऊंट, म्हणजे चोरीचे पैसे फिरवायचं खातं, होणार आहे, पोलीस पहिले त्या पोराकडेच येतात.

कर्जाची नोंद तुमच्या नावावरून हटवली की कंपनीकडून तसं पत्र लेटरहेडवर घ्या, आणि दोन महिन्यांनी चारही ब्युरोचे रिपोर्ट परत काढा, फुकटचे संपले असतील तर विकत, कारण एकाने दुरुस्त केलं म्हणजे बाकी तिघांकडे झालंच असं नसतं.